परसातली चढण

पोह्यांवर घालायला कोथिंबीर खुडावी म्हणून विलासराव परसात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

“चारू, तुझ्या मृगळीनं अंडी टाकलीत,” ते म्हणाले. “धबधब्याच्या पायथ्याशी, गोट्यांमध्ये.”

“मग बरंच झालं की.”

“अगं, पण पिवळी आहेत. हळद सांडल्यासारखी.”

चारुशीलाबाईंनी गॅस बंद केला आणि तशाच बाहेर धावल्या. मृगळ माशाची अंडी फिकट असतात, काचेच्या मण्यांसारखी, हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. तळ्याच्या काठावर त्या गुडघे टेकून बसल्या. धबधब्याचं पाणी जिथं पडत होतं, तिथल्या फटींमध्ये बारीक पिवळेजर्द दाणे चिकटलेले होते. हातभर अंतरावर ती करडी मृगळ काही घडलंच नाही अशी शेपटी हलवत उभी होती. अंडी तिनं घातली होती. पण ती तिची नव्हती.

“फरझानाला फोन लावा,” चारुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “आणि पोहे झाकून ठेवा. आता भूक नाही मला.”

चारुशीला कणसे या पाडळच्या एस.टी. आगारात मेकॅनिक म्हणून लागल्या आणि मुख्य मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्या. डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, तेव्हा आगारातल्या अर्ध्या लोकांनी हात टेकले होते. बाईंनी नवं सगळं शिकून घेतलं आणि वर इतरांना शिकवलं. निवृत्तीनंतर मात्र घर खायला उठलं. विलासराव शाळेत चित्रकला शिकवायचे. तेही निवृत्त होऊन स्वयंपाकात रमले होते, पण बाईंना पोळपाट-लाटण्यात कधीच गोडी नव्हती. अशात एका रविवारी कॉलनीच्या सभागृहात नदीमत्स्य केंद्राची एक तरुण शास्त्रज्ञ बोलायला आली. डॉ. फरझाना मुल्ला तिचं नाव.

पाडळला खेटून वाहणाऱ्या हिरडी नदीत पूर्वी सोनचढ नावाचा मासा होता. आषाढात पाणी वाढलं की तो प्रवाहाच्या उलट, धोंड्यांवरून उड्या घेत डोंगराकडे निघायचा. चढणीचे मासे बघायला गाव काठावर लोटायचं. मग बंधारे आले, वाळू गेली, उन्हाळे लांबले. एका आषाढात सोनचढ आलीच नाही. पुढच्या वर्षी येईल असं लोक म्हणाले, आणि म्हणता म्हणता एक पिढी सरली.

“पण त्याआधी आमच्या केंद्रातल्या जुन्या मंडळींनी एक काम करून ठेवलं होतं,” फरझानाने सांगितलं होतं. “शेवटच्या काही माशांच्या बीजपेशी त्यांनी गोठवून ठेवल्या. ज्या पेशींपासून पुढे अंडी किंवा शुक्रपेशी तयार होतात, त्या बीजपेशी. नुसत्या पेशीपासून मासा तयार करता येत नाही. तिला वाढायला जिवंत शरीर लागतं. म्हणून आम्ही त्या मृगळीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांमध्ये सोडतो. ही पिलं अशी घडवलेली असतात की त्यांची स्वतःची बीजं तयार होत नाहीत. पिलू मोठं होतं, दिसायला मृगळ, वागायला मृगळ. पण ते अंडी घालतं ती सोनचढीची. त्याला आम्ही दाईमासा म्हणतो.”

“मग केंद्रातच का नाही वाढवत?” कुणीतरी विचारलं.

“वाढवून पाहिली. आमच्या स्वच्छ टाक्यांमध्ये पिलं जगत नाहीत. त्यांना पडतं पाणी लागतं, गोटे लागतात, त्यावरचे जिवाणू लागतात. शिवाय सगळी एकाच ठिकाणी ठेवली आणि रोग आला, तर सगळंच संपलं. आम्हाला घरोघरी तळी हवी आहेत. धबधबा असलेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासराव उठले, तेव्हा परसातली फरशी उखडलेली होती.

तळं खणायला मजूर लावले, पण आकार बाईंनी स्वतः आखला. एका बाजूला उथळ पायरी, मधे पुरुषभर खोल, म्हणजे उन्हाळ्यात माशांना खाली गारवा. तळाला वाळू, वाळूवर जुने फ्लेक्स. गावातल्या तमाम नेत्यांचे वाढदिवस पालथे घालून त्यांनी तळ्याखाली अंथरले आणि त्यावर शेततळ्याचा जाड काळा कागद टाकला. मागच्या भिंतीलगत विटांचा लांबट वाफा बांधून त्यात माती न घालता खडी भरली. हा विलासरावांचा प्रांत. “जलवाफा,” फरझाना त्याला म्हणायची. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विष. पंप ते पाणी उचलून खडीत सोडतो, खडीवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि ते झाडांचं खत. पालक, मेथी, टोमॅटो ते शोषून घेतात. वाफा भरला की एका वक्रनळीतून आपोआप घडघडत रिकामा होतो, मुळांना हवा मिळते, आणि शुद्ध झालेलं पाणी वरच्या छोट्या कुंडात येऊन तिथून धबधब्यानं परत तळ्यात पडतं. कुंडात विलासरावांनी हौसेनं अळू लावलं.

धबधबा मात्र पहिल्यांदा फसला. रोज तळ्याची पातळी खाली जायची. कागद फाटला म्हणावं तर कागदाखालची वाळू कोरडी. बाईंनी केशरी जिलबीचा रंग पाण्यात कालवून कुंडात ओतला आणि खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळानं भिंतीच्या मागच्या बाजूला, शेजारच्या डुबलांच्या अंगणात, केशरी ओघळ निघाला. पाणी दगडांच्या पुढून पडण्याऐवजी मागून मुरत होतं. बाईंनी सगळे दगड उतरवले, प्रत्येक दगड पुढच्या बाजूला जरा झुकता ठेवून पुन्हा रचला, मागच्या फटी बुजवल्या. या वेळी पाणी पायरीपायरीनं असं कोसळलं की विलासराव वही-पेन्सिल घेऊन समोर बसले.

मदन डुबल मात्र चिडले. ते निवृत्त तलाठी, झोप सावध.

“वहिनी, रात्रंदिवस ही धो-धो,” ते कुंपणावरून म्हणाले. “आधी माझं अंगण रंगवलंत, आता कान किटवताय.”

“भाऊजी, सवय होईल,” बाई म्हणाल्या.

“नाही होणार,” डुबल म्हणाले, आणि त्यांनी त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली.

फरझाना दाईमाशांच्या जोड्या घेऊन आली. नदीत सोडण्याआधी पिलं जरा थोराड व्हावीत म्हणून केंद्रानं संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन हंगाम अलीकडे आणला होता. आणि आता, फाल्गुनातल्या सकाळी, धबधब्याखाली हळद सांडली होती.

फरझाना धापा टाकत आली. तिनं ओणवून भिंगातून अंडी पाहिली. “काकू,” ती म्हणाली, “हे बघणारे आपण तिघंच आहोत सध्या. बाकीच्या तळ्यांत अजून काही नाही.”

विलासरावांनी पोहे परत गरम केले.

हळूहळू तालुक्यातल्या इतर तळ्यांतही अंडी दिसू लागली. बाईंच्या तळ्यात पिलं झाली, सुईएवढी, मग बोटाच्या पेराएवढी, कडेला सोनेरी रेघ असलेली. कॉलनीतली माणसं येऊन बघून जात. आगारातले जुने सोबती ड्युटी संपवून येत. बाई त्यांना तळ्याभोवती फिरवत, पूर्वी नव्या गाडीचं इंजिन दाखवत तशा. एकच शंका फरझानाला छळत होती आणि ती तिनं लपवली नाही.

“शरीर सोनचढीचं आहे, हे नक्की. पण चढण? ती बीजात असते की मोठ्या माशांच्या मागे जाऊन लहान मासे शिकतात, हे कुणालाच ठाऊक नाही. यांना शिकवायला कुणी नाही. दाईला चढता येत नाही. ही नदीत जाऊन नुसतीच तरंगत राहिली, तर ती सोनचढ नव्हेत. सोनेरी रेघेची मृगळ, एवढंच.”

वैशाखात लाल दुपारी सुरू झाल्या. पारा ठरावीक रेषेच्या वर गेला की गावात भोंगा व्हायचा आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायला बंदी असायची. रस्ते ओस, दारं बंद. एका अशाच दुपारी विलासराव खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना कसलं तरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. चारुशीलाबाई मात्र झोपेतून ताडकन उठल्या. धबधब्याचा आवाज बंद पडला होता.

त्या बाहेर धावल्या. सौरपट्ट्या चालू होत्या, वीज येत होती, पण पंप अडकला होता. त्यांनी तो उचलून काढला. आतल्या दांड्याला आधार देणारं बूश उष्णतेनं फुगून दांड्याला घट्ट आवळून बसलं होतं. तळ्यात पिलं पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत-मिटत होती. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. त्यात पडतं पाणी थांबलं म्हणजे पिलांचा श्वासच थांबला.

“अहो, बादली घ्या,” त्या म्हणाल्या. “तळ्यातलं पाणी उचला आणि वरून दगडांवर ओता. थांबू नका.”

विलासरावांनी डोक्याला ओला पंचा बांधला आणि ओतायला सुरुवात केली. बाई सावलीत पंप खोलून बसल्या. दहा-पंधरा बादल्यांनंतर विलासरावांची बादली अर्धीच भरून वर येऊ लागली. तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. मदन डुबल आत आले, डोक्यावर ओला टॉवेल, हातात स्वतःची बादली.

“आवाज बंद झाला,” ते म्हणाले. “जाग आली. म्हटलं काहीतरी बिघडलंय.”

त्यांनी विलासरावांच्या शेजारी उभं राहून पाणी उचललं. मग डुबलांनीच कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला असावा, कारण भोंगा वाजलेला असताना, बंदी मोडून, एकेक माणूस ओल्या फडक्यात डोकं गुंडाळून येऊ लागला. तळ्यापासून कुंडापर्यंत रांग लागली. बादल्या, कळशा, कुकरचं भांडं, जे हाताला लागलं ते. थकलेला माणूस ओसरीत जाऊन पडायचा, दुसरा त्याची जागा घ्यायचा. एक बाई सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. धबधबा तुटक तुटक पडत होता, पण पडत होता.

चारुशीलाबाईंना नवं बूश हवं होतं आणि गावातली सगळी दुकानं बंद होती. पाण्यात न फुगणारं, गुळगुळीत, टणक काहीतरी. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि विलासरावांचा भाजी चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा पाट घेऊन आल्या.

“अगं, तो नवा आहे,” रांगेतून विलासराव म्हणाले.

“दुसरा घेऊ.”

त्यांनी पाटाचा तुकडा कापला, ड्रिलनं भोक पाडलं, कानसीनं बाहेरून गोल केला. पहिला तुकडा तडकला. दुसरा सैल झाला. घाम डोळ्यांत जात होता आणि मागे बादल्यांचा आवाज मंदावत होता. माणसं दमली होती. तिसरा तुकडा त्यांनी दांड्यावर चढवून बोटानं फिरवला. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. पंप जोडून तळ्यात सोडला, क्षणभर काहीच झालं नाही, मग वाफा घडघडला आणि वरच्या कुंडातून पाणी अखंड कोसळू लागलं.

रांगेतली माणसं होती तिथं खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढं बळच नव्हतं. डुबल ओल्या फरशीवर पाय पसरून धबधब्याकडे बघत राहिले. बाईंनी काळे झालेले हात पाण्यात बुडवले. पिलं खाली खोलात परत गेली होती. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. पण आपल्या हातांकडे असं टक लावून बघावंसं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी फरझाना आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. त्या लाल दुपारीनं तालुक्यातली तळी मारली होती. कुठं वीज गेली, कुठं पंप बंद पडले, कुठं घरात कुणी नव्हतं. सोनचढीची पिलं उरली होती ती एकट्या कणशांच्या परसात. तिथलीही थोडी गेली होती, पण बरीच जगली होती.

“आता सगळी नदी तुमच्या या तळ्यात आहे, काकू,” ती म्हणाली. हे कौतुक होतं की भीती, ते बाईंना कळलं नाही.

जेमतेम पंधरवडा झाला असेल. विलासराव वड्यांसाठी अळूची पानं कापायला कुंडाशी गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, अगदी हळू, कुणी झोपलेलं जागं होऊ नये अशी. “चारू, इकडे ये. आवाज न करता.”

अळूच्या देठांमध्ये, वरच्या कुंडात, एक बोटभर सोनचढ उभी होती. तोंड पाणी येत होतं त्या दिशेला.

“कुणी आणून टाकली?” बाईंनी विचारलं.

“कुणी कशाला टाकेल?”

दोघं तिथंच बसून राहिली. दुपार कलली. मग धबधब्याखालच्या फेसातून एक सोनेरी रेघ वर उसळली, पहिल्या पायरीवर आपटली, घसरली, परत उसळली. या वेळी ती पायरीवर टिकली. क्षणभर दम खाऊन दुसरी पायरी. मग तिसरी. मग अळूत. तिच्यामागून आणखी एक निघाली.

फरझानानं फोनवरच हे ऐकलं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे चढण बीजातच आहे.”

पावसाळ्यानंतर, नदी निवळल्यावर, पिलं हिरडीत सोडली. केंद्राच्या मोठ्या साहेबांचं भाषण झालं. पण पहिली बादली पाण्यात वाकवायला फरझानानं चारुशीलाबाईंना पुढं केलं, आणि त्यांनी डुबलांना. पुढच्या वर्षभरात सोनचढ कुठं दिसली नाही. नदी मोठी, मासे थोडे. कॉलनीतली माणसं मात्र सकाळी फिरायला जाताना नदीकडची वाट धरू लागली.

मग आषाढ आला. डोंगरात पाऊस झाला आणि हिरडी तांबडी होऊन वाढली. केंद्रानं गावाबाहेरच्या बंधाऱ्याच्या एका कडेला माशांसाठी पायऱ्यांची चढती वाट बांधली होती. लोक तिथं जमले होते. जाळं कुणाच्याही हातात नव्हतं. काही म्हातारी माणसं नातवंडांना खांद्यावर घेऊन उभी होती आणि ज्यांनी लहानपणी चढण पाहिली होती ती इतरांना सांगत होती, कुठं बघायचं ते.

“ती बघा,” डुबल म्हणाले.

गढूळ पाण्यातून सोनं उडालं. वीतभर लांब, घट्ट अंगाची मासोळी पहिल्या पायरीवर पडली आणि वळवळत पुढं सरकली. तिच्यामागून दुसरी, मग तीन-चार एकदम. काठावर एक गुणगुण उठली, देवळात उठते तशी. विलासरावांची पेन्सिल हातातच राहिली. आगारातून आलेल्या एका चालकानं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, “त्या बाई दिसतात ना, त्यांच्या घरची आहेत ही.” बाईंनी ते ऐकलं. ताठ मानेनं त्या नदीकडे बघत राहिल्या. दोन्ही हातांनी त्यांनी पदर घट्ट धरला होता.

“काकू, एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी,” फरझाना त्यांच्या कानाशी म्हणाली. “ही सगळी त्या दुपारी जगलेली आहेत. ऊन सोसलेलीच तेवढी उरली. जुन्या सोनचढीहून ही थोडी निराळी असणार. ज्यांच्या बीजपेशी आम्ही गोठवल्या, अगदी तशीच ही आहेत, असं मी छातीठोक सांगू शकणार नाही.”

“पण चढतायत तर खरी.”

“हो. चढतायत.”

शेवटची मासोळी बंधारा ओलांडून पलीकडच्या पाण्यात दिसेनाशी झाली. गर्दी पांगू लागली, पण चारुशीलाबाई हलल्या नाहीत. त्या वरच्या अंगाला, ढगांत बुडालेल्या डोंगराकडे बघत होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं, की सोनचढ थेट उगमाखालच्या सावलीतल्या डोहांत जाऊन अंडी घालते, आणि ते डोह गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेले नव्हते.

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि काठावरची ओली पायवाट धरली. विलासराव त्यांच्या मागे निघाले. डुबलही.

चार पावलांवर बाई थांबल्या आणि मागं वळल्या.

“फरझाना, ती जिथं निघालीत, ती जागा अजून आहे का गं?”